मोटारींच्या शर्यतीला सायकलवरून

मोटारींची शर्यत पाहायला या, पण मोटार घेऊन येऊ नका. नेदरलँड्समधल्या झान्डफोर्ट या समुद्रकाठच्या गावात २०२१ पासून हा शिरस्ता आहे. पहिल्यांदा ऐकले की थट्टाच वाटते. दावतीला बोलवायचे आणि घरून जेवून या म्हणून सांगायचे, तसले काहीतरी. पण त्या गावाचा नकाशा समोर ठेवला की थट्टा राहत नाही.

गाव लहान आहे. वस्ती साधारण १७ हजारांची. पुढे उत्तर समुद्र, मागे वाळूच्या टेकड्या. त्या टेकड्या राखीव आहेत, तिथे नवा रस्ता काढता येत नाही. गावात यायला रस्ते दोन. एक ब्लुमेंडालच्या बाजूने समुद्राला भिडून येतो, दुसरा हेमस्टेड आणि आर्डेनहाउटकडून. १८८१ मध्ये आलेला लोहमार्ग आहे, तो हार्लेम शहरातून येऊन इथेच संपतो. एवढ्या तीन वाटांनी वर्षातले तीन दिवस, दर दिवशी लाखाच्या वर माणूस या गावात उतरतो. कारण गावाच्या उत्तर टोकाला मोटारींच्या शर्यतीचा मार्ग आहे आणि तिथे फॉर्म्युला वनची डच ग्रां प्री भरते. फॉर्म्युला वन म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान मोटारींची, देशोदेशी फिरणारी शर्यत. आपल्याकडेही २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ती ग्रेटर नोएडाला झाली होती, वाचकांना आठवत असेल.

आता थोडे गणित. आमचा विषय उर्दू आणि मराठी, म्हणून हिशेब मांडून शाळेतल्या गणिताच्या सरांकडून तपासून घेतला आहे. दिवसाला १ लाख ५ हजार प्रेक्षक धरा. २०२२ साली आकडा तेवढाच होता. एका मोटारीत तिघे आले, तर मोटारी होतात ३५ हजार. एक मोटार उभी करायची, तिला आत-बाहेर काढायला वाट ठेवायची, तर साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे सगळ्या मिळून सव्वादोनशे एकरांच्या आसपास. बरे, जागा मिळाली असे समजू. मोटारी तिथवर पोचणार कशा? एका रस्त्याच्या एका पट्ट्यातून, सगळे सुरळीत असेल तर, तासाला फार तर १८०० मोटारी जातात. दोन रस्ते, म्हणून ३६००. ३५ हजार मोटारी आत यायला दहा तास. दुपारी तीनची शर्यत गाठायची तर रांग पहाटे पाचला हलायला हवी. ती सगळी एकामागे एक उभी केली तर पुण्यापासून नाशिकपर्यंत पोचेल. आणि शर्यत संपल्यावर तर सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचे असते.

या रांगेत प्रेक्षकांचा वेळ जातो, ती गोष्ट दुय्यम आहे. आपण हौसेने आलो, थांबू दोन तास. पण त्याच दोन रस्त्यांनी गावातल्या आजारी माणसाला हार्लेमच्या इस्पितळात न्यायचे असते. त्याच रस्त्यांनी अग्निशामक दल यायचे असते. गावाच्या दोन्ही नाड्या एकदम दाबल्या, तर १७ हजार लोकांचे काय, हा खरा प्रश्न होता.

मोटारींची सोय कोलमडली की काय होते, हे शेजारच्या इंग्लंडने दोनदा पाहिले आहे. २००० साली सिल्व्हरस्टोनची शर्यत नेहमीच्या जुलैऐवजी एप्रिलमध्ये घेतली. पाऊस लागला, गाड्या लावायची शेते चिखलाने भरली, आणि आयोजकांना शनिवारी वाहनतळ बंद ठेवावे लागले. रविवारी तिकीट हातात असलेली माणसे रस्त्यावरच्या रांगेत बसून राहिली. २०१२ मध्ये पुन्हा तोच पाऊस, तीच शेते. त्या वर्षी आयोजकांनीच हजारो तिकीटधारकांना विनंती केली, की शनिवारी कृपा करून येऊ नका. पैसे भरलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवायची वेळ कोणत्याच यजमानावर येऊ नये.

झान्डफोर्टचा शर्यतमार्ग जुना आहे, १९४८ सालचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी किनाऱ्यावर तटबंदी करण्यासाठी गावाचा समुद्राकडचा भाग पाडून टाकला होता. त्या पाडलेल्या घरांच्या विटामातीच्या भरावावर या मार्गाचा काही भाग उभा राहिला, असे तिथे सांगतात. १९८५ नंतर फॉर्म्युला वन तिथून गेली. पस्तीस वर्षांनी, २०२० मध्ये, ती परत यायची ठरली, पण कोरोनामुळे एक वर्ष आणखी लांबली. दरम्यान मॅक्स व्हर्स्टॅपेन नावाचा त्यांचा तरुण चालक जगभर गाजला होता, त्यामुळे गर्दी होणार हे ठरलेलेच होते. पर्यावरणवाल्या संघटना न्यायालयात गेल्या. वाळूच्या टेकड्यांत एक दुर्मीळ जातीचा भेक आणि एक सरडा राहतो, त्यांच्या वस्तीवर गदा येईल, असे त्यांचे म्हणणे होते. काम थांबले नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट सर्वांना कळून चुकली, की ही शर्यत भरवायची असेल तर मोटारींचा लोंढा गावात येऊ देता कामा नये.

मग व्यवस्था अशी लागली. शर्यतीच्या दिवसांत गावात मोटार नेता येते ती फक्त रहिवाशांना आणि परवाना असलेल्यांना. लोहमार्ग आणि फलाट सुधारून घेतले, आणि त्या तीन दिवसांत तासाला १२ गाड्या सुटू लागल्या. दर पाच मिनिटांना एक. आपल्या मुंबईकराला यात नवल वाटणार नाही, पण एरवी तासाला दोन-चार गाड्या पाहणाऱ्या स्थानकासाठी ही मोठी उडी आहे. दुरून मोटारीने येणाऱ्यांनी ती काही मैल अलीकडे ठेवायची आणि पुढे बसने किंवा सायकलने यायचे. काही लोक सायकल मोटारीला मागे बांधूनच आणतात. आणि जवळपास राहणाऱ्यांनी सरळ घरूनच सायकल मारायची. हार्लेमहून ८-९ किलोमीटर, ॲमस्टरडॅमहून २५ ते ३०. असे येणारे दहा-वीस नव्हेत, रोज हजारो असतात.

आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त हार्लेमला राहतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या सुट्टीला थोडी रजा जोडून आम्ही दोघे आणि मुलगा त्याच्याकडे गेलो होतो. शर्यत ३१ ऑगस्टला, रविवारी. तिकिटे दोनच होती, चुलत्याची आणि पुतण्याची. आम्हाला तिकीट नव्हते आणि शिक्षकाच्या पगारात ते काढायची इच्छाही नव्हती. पण एवढी माणसे मोटारीशिवाय येतात कशी, हे पाहायचे होते, आणि त्याला तिकीट लागत नव्हते.

भाऊ म्हणाला, "भाईजान, गाडीचा विषयच काढू नका. ट्रेनने जाऊ, पण परत येताना स्टेशनबाहेर उभं राहावं लागेल. त्यापेक्षा सगळेच सायकलवर जाऊ." मग जरा चाचरत विचारले, "पण भाभींना जमेल का?"

"मला विचार की! त्यांच्याकडे काय बघतोस?" भाभी म्हणाल्या.

आमच्या बेगमने शेवटची सायकल चालवली ती नववीत असताना, खेडला. दहावीनंतर ती सायकल धाकट्या भावाकडे गेली. कोणी मनाई केली नव्हती. कोणी रागावलेही नव्हते. फक्त एके दिवशी सायकल तिची राहिली नाही, एवढेच. आमच्या वर्गातल्या मुलींचेही असेच होताना आम्ही दर वर्षी पाहतो.

सरावासाठी तीन दिवस होते. जवळच वाळूच्या टेकड्यांतून झान्डफोर्टला जाणारी एक पायवाट आणि सायकलवाट आहे. तिचे नाव कोळ्यांची वाट. जुन्या काळी झान्डफोर्टच्या कोळणी पाठीवर माशांच्या टोपल्या बांधून याच वाटेने पायी हार्लेमच्या बाजाराला येत. हे ऐकल्यावर बेगमला मिरकरवाड्याच्या बाया आठवल्या, डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या. "मग ही वाट आपलीच," म्हणाली, आणि बसली.

तिथल्या साध्या सायकलीची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण आपल्या भगिनींना ती उपयोगी वाटेल. मधला दांडा खाली वाकवलेला असतो, म्हणून पाय उंच न उचलता बसता येते. साखळी पूर्ण डब्यात बंद. मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी पडदा, आपल्या मोटारसायकलच्या साडी गार्डसारखा. मूळ हेतू लांब कोटाची टोके चाकात जाऊ नयेत हा. बुरखा असो, कुर्ता असो, ओढणीचे टोक असो, त्यात काही अडकत नाही. बसायची ढब सरळ, पाठीला ताण नाही. अडचण एकच. पुष्कळ सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटे मारले की चाक थांबते. आपल्याकडे उताराला लागलो की आपण गंमत म्हणून पायडल उलटे फिरवतो. तिथे तसे केले की सायकल जागच्या जागी उभी. पहिल्या दिवशी बेगम असे सहा वेळा थांबल्या. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी आमच्यापेक्षा पुढे होत्या.

रविवारी साडेदहाला घरून निघालो. भाऊ आणि मुलगा पुढे, आम्ही दोघे मध्ये, भावजय मागे. तिची सायकल निराळी. पुढे लाकडी पेटी बसवलेली, हातगाडीच्या तोंडासारखी, आणि त्या पेटीत पट्टा बांधून बसलेली आमची चार वर्षांची पुतणी. तिथे आया मुलांना शाळेत नेतात, बाजार आणतात ते याच पेटीतून. पुतणीच्या शेजारी खिम्याचा डबा, चपात्या आणि पाण्याच्या बाटल्या.

मोठ्या रस्त्याला लागलो तसा नारिंगी रंग दिसू लागला. तो त्यांचा राष्ट्रीय रंग, सगळे त्याच रंगाच्या टोप्या आणि सदरे घालून. दोघादोघांच्या जोड्या, चौघांची टोळकी. आजोबा, नातू, गुडघ्यापर्यंतची पोरे स्वतःच्या छोट्या सायकलींवर. सायकलवाट रस्त्यापासून वेगळी, लाल रंगाची, त्यामुळे मध्ये घुसणारे वाहन नाही. रस्त्याकडेच्या घरांतली मंडळी दारात खुर्च्या टाकून बसली होती. प्रत्येक चौकात बंदोबस्ताची माणसे हाताने वाट दाखवत होती. आम्ही एका झाडाखाली दम घ्यायला थांबलो आणि घड्याळ लावून मोजले. एका मिनिटात साठ-पासष्ट सायकली. तासाला चार हजारांच्या आसपास माणसे, आणि तीही जेमतेम रिक्षाभर रुंदीच्या वाटेवरून! शेजारच्या डांबरी रस्त्यावर त्या वेळी एक बस आणि पोलिसांची एक गाडी होती.

बेगम सुरुवातीला अगदी कडेने चालवत होती, हँडल घट्ट धरून. मागून घंटी वाजली आणि सत्तरीच्या एक डच आजीबाई मान डोलावून पुढे गेल्या. थोड्या वेळाने आणखी एक तशाच. दुसरीनंतर बेगमने वेग धरला. समुद्राकडून वारे तोंडावर येत होते. त्या सपाट देशात चढ नाहीत, पण वारा चढाची कसर भरून काढतो. मुलगा मागे वळून ओरडला, "अम्मी, हळू!" तिने ऐकले नाही.

गावाच्या अलीकडे सायकलींचा तळ आला. मोकळी जागा, लोखंडी कठड्यांच्या रांगा, रांगांना क्रमांक. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली मावतात, हे पुस्तकात वाचलेले होते. डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र दुसरीच काळजी लागली. हजारो सायकली, आणि निम्म्या काळ्या! परत आल्यावर आपली ओळखायची कशी? पुतण्याने मोबाइलमध्ये रांगेच्या क्रमांकाचा फोटो काढला. बेगमने पिशवीतून जुन्या ओढणीची हिरवी पट्टी काढली आणि आमच्या पाचही हँडलना गाठ मारली. घरूनच फाडून आणली होती. कुलपे दोन-दोन. एक मागच्या चाकाला कायमचे बसवलेले, दुसरी साखळी कठड्याला. त्या देशात लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे आणि सायकली सव्वादोन कोटींच्या वर, त्यामुळे सायकलचोरही पोटभर आहेत.

चुलता-पुतण्या फाटकाकडे गेले. आम्ही वाळूवर चादर टाकून डबा उघडला. तीन वाजता टेकड्यांमागून आवाज सुरू झाला, मधमाश्यांचे मोहोळ उठावे तसा. तो कधी जवळ येई, कधी लांब जाई. ४.२५९ किलोमीटरच्या वाटेला ७२ फेऱ्या. कोण पुढे, कोण मागे, हे आम्हाला आत जमलेल्या लोकांच्या गलक्यावरून ताडावे लागले. शेवटाकडे मोठा हलकल्लोळ झाला. मागाहून कळले, दुसऱ्या क्रमांकावर धावणाऱ्या लँडो नॉरिसची गाडी धूर सोडत बंद पडली होती, आणि त्यामुळे व्हर्स्टॅपेन दुसरा आला. शर्यत ऑस्ट्रेलियाच्या ऑस्कर पियास्त्रीने जिंकली.

आता परतीचे. अशा जागी खरी परीक्षा परतीच्या वेळी असते. येताना लोक सकाळपासून सावकाश येतात, जाताना सगळे एकदम उठतात. स्थानकाच्या बाहेर लोकांना टप्प्याटप्प्याने सोडत होते. धक्काबुक्की नव्हती, पण थांबणे होते. सायकलतळावर आम्हाला हिरव्या गाठींमुळे दहा मिनिटांत आमच्या सायकली सापडल्या. मुलगा फोटो पाहत दोन रांगा पलीकडे शोधत होता, त्याला हाक मारून आणावे लागले. पहिला अर्धा किलोमीटर सायकल हातात धरून चालावे लागले. त्यानंतर वाट मोकळी झाली आणि सकाळचा वारा आता पाठीवर आला. सहाच्या सुमारास आम्ही हार्लेमला घरी चहा पीत होतो. भावाचे एक सहकारी ट्रेनने गेले होते, ते तासाभराने पोचले. त्यांचीही काही तक्रार नव्हती.

हे सगळे पाहून, "तिकडच्या लोकांना सायकलीची आवडच आहे," असे म्हणणे सोपे आहे. आमचीही समजूत तशीच होती, पण तिथला इतिहास वेगळे सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा आला, तसे डच लोकही भराभर मोटारी घेऊ लागले. शहरांतले रस्ते रुंद केले, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर ३३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. एका पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली सापडली. १९७२ मध्ये त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळा होता, 'मुलांची हत्या थांबवा'. त्या मथळ्याचेच पुढे चळवळीचे नाव झाले. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, वाहने अडवली, मोर्चे काढले. रोज सकाळी हजेरी घेणाऱ्या माणसाला हा ४०० चा आकडा वाचवत नाही. आमच्या शाळेतल्या सगळ्या तुकड्या मिळूनही तेवढी मुले नाहीत.

पुढच्या वर्षी दुसरी गोष्ट घडली. १९७३ च्या युद्धात इस्राएलची बाजू घेतल्याबद्दल अरब देशांनी नेदरलँड्सचे तेल बंद केले. सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवायचा हुकूम काढला. पहिला असा रविवार ४ नोव्हेंबरचा. लोक रिकाम्या महामार्गांवर सायकली फिरवू लागले, मुले चाकांचे बूट घालून खेळू लागली. मोटारीशिवाय रस्ता कसा दिसतो, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिले. त्यानंतरच्या वर्षांत वेगळ्या सायकलवाटा, वेगळे सिग्नल, स्थानकांवर सायकलतळ, हे सारे एकेक करून बांधले गेले. उट्रेख्टच्या स्थानकाखाली आज साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे. म्हणून २०२१ मध्ये झान्डफोर्टवाल्यांना लोकांना सायकल शिकवावी लागली नाही, वाटाही नव्याने पाडाव्या लागल्या नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी सुरू केलेले काम त्या तीन दिवसांत उपयोगी पडले.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, हे आमच्या वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आमचे अब्बा पुण्याला शिकायला होते तेव्हा सकाळी लकडी पुलावर सायकलींची रांग लागे, असे सांगत. तिथे उलटा प्रवास झाला.

काही शंका रास्त आहेत. सगळ्यांना सायकल जमत नाही. गुडघे दुखणारे, अपंग, अंगावर पिणारे बाळ असलेली आई, यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी ट्रेन आणि बस आहे, अपंगांच्या वाहनांसाठी राखीव जागा ठेवतात, आणि बाकीचे सायकलीवर गेले म्हणूनच ती जागा शिल्लक राहते. दुसरी शंका आमच्या मुलानेच काढली. "अब्बू, आत वीस गाड्या पेट्रोल जाळतात, आणि बाहेरच्यांनी सायकल चालवायची. ढोंग नाही का हे?" थोडे आहेच. शिवाय ही टोळी जगभर विमानांनी फिरते, तो धूर वेगळाच. पण प्रेक्षकांची सायकल हवा वाचवण्यासाठी नसून गावाचे रस्ते मोकळे ठेवण्यासाठी आहे, असे त्याच्या चुलत्याने सांगितले, आणि आम्हाला ते पटले. गावकरीही सगळे खूश नाहीत. तीन दिवस स्वतःच्या गावात परवाना दाखवून शिरायचे, कानठळ्या सोसायच्या, हे कोणाला आवडेल? पण रुग्णवाहिका अडली तर होणारा संताप निराळा असता.

झान्डफोर्टची ही शर्यत आता एकदाच व्हायची आहे. २०२६ ची शेवटची, असे आयोजकांनी डिसेंबर २०२४ मध्येच जाहीर केले. तिथे सरकार पैसा घालत नाही, सगळा भार खासगी आयोजकांवर, त्यामुळे अपयश यायच्या आधी सन्मानाने थांबू, असा त्यांचा विचार दिसतो. सुधारलेला लोहमार्ग आणि सायकलवाटा मात्र राहणारच, उन्हाळ्यात समुद्रावर येणाऱ्यांसाठी.

२१ ते २३ ऑगस्ट २०२६ ला तुमचे कोणी तिकडे असेल आणि जायचा बेत असेल, तर चार गोष्टी सांगून ठेवतो. भाड्याची सायकल आधीच ठरवून ठेवा, त्या आठवड्यात मिळणे कठीण. घेताना हाताचा ब्रेक आहे की पायडलचा, ते विचारा, आणि बैठक आपल्या उंचीला लावून घ्या. तिथल्या लोकांच्या उंचीला लावलेल्या बैठकीवरून आपले पाय जमिनीला टेकत नाहीत. वळताना हात दाखवायचा. मोबाइल हातात धरून सायकल चालवायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. अंधार पडणार असेल तर पुढचा-मागचा दिवा लागतो का, ते पाहा. कुलपे दोन लावा. आणि रंगीत चिंधी घरूनच न्या. हिरवी नको, ती आमच्या पुतणीने आता आपल्या पेटीला बांधून ठेवली आहे आणि यंदाही ती जाणार आहे.